सर्व्हर नाही म्हणतो तेव्हा

प्रस्तावना

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरच्या बाजारात एखाद्या सेवा केंद्राच्या पायरीवर तासभर बसलं, की हे वाक्य हमखास कानावर पडतं. आसपासच्या वाड्यातांड्यांवरून माणसं सातबारा, पीकविमा, केवायसी, रेल्वेचं तिकीट अशी कामं घेऊन इथे येतात. रोज बुडवून आलेल्या माणसाचा दिवस या एका वाक्याने मोडतो. पण अशा वेळी सर्व्हर बंद असतोच असं नाही. कित्येकदा तो व्यवस्थित चालू असतो. आपली विनंती त्याच्यापर्यंत पोचलेली असते, त्याने ती वाचलेली असते आणि नियमावर बोट ठेवून नाकारलेली असते. का नाकारली, हेही त्याने बहुतेक वेळा कळवलेलं असतं. ते कारण ऑपरेटरच्या पडद्यापर्यंत येत नाही, आणि आलं तरी कुणी नीट वाचत नाही.

हे पुस्तक त्या कारणाबद्दल आहे. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे काही मागायचं तर ते एपीआयमार्फत मागतं. केंद्रावर भरलेला अर्ज, किराणा दुकानातलं क्यूआर पेमेंट, तिकिटाचं अ‍ॅप, या सगळ्यांमागे एपीआयची ये-जा चालू असते. तिथे नकार मिळण्याची कारणं पुष्कळ आहेत, पण रोजच्या कामात दोनच पुन्हा पुन्हा भेटतात. एक, तुम्ही फार वेळा विचारताय. दोन, तुम्ही कोण हे पटलेलं नाही. पहिला प्रश्न मर्यादेचा, दुसरा ओळखीचा. पहिल्यावर थांबणं हाच इलाज आहे. दुसऱ्यावर कितीही थांबलं तरी फरक पडत नाही, तिथे ओळखच दुरुस्त करावी लागते. आपण मात्र दोन्ही वेळी तेच बटण पुन्हा दाबतो. मर्यादा संपलेली असेल तर त्या दाबण्याने गर्दी आणखी वाढते. ओळखीचा घोळ असेल तर काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खात्यालाच कुलूप लागतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

वेबवर या नकारांना आकडे ठरवून दिलेले आहेत. ४०१ म्हणजे तुमची ओळख मिळाली नाही, चुकीची आहे किंवा तिची मुदत संपली. ४०३ म्हणजे विनंती कळली, पण हे करायची परवानगी नाही. ४२९ म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त विनंत्या आल्या. हा ४२९ त्या मानाने नवा आहे. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ या दस्तऐवजाने तो अधिकृत यादीत आणला. त्याच्याबरोबर सर्व्हरने ‘रिट्राय-आफ्टर’ नावाचं हेडर, म्हणजे उत्तराला जोडलेली माहितीची ओळ, पाठवावं अशीही सोय आहे. त्यात किती सेकंदांनी परत या हे लिहिता येतं. सर्व्हरने ते हेडर पाठवलं आणि अ‍ॅपने ते ‘४० सेकंद थांबा’ असं पडद्यावर दाखवलं, तर गिऱ्हाइकाला उद्या या म्हणण्याची वेळच येणार नाही. इतकी साधी गोष्ट अजूनही अनेक अ‍ॅप करत नाहीत. माझ्या मते हा तंत्राचा दोष नाही, समोरच्याच्या वेळेची किंमत न ठेवण्याचा आहे.

हे दोन विषय मी एकाच पुस्तकात का घेतले, असं काहींनी विचारलं. वेगवेगळे शिकवले तर दोन्ही अर्धवट राहतात, म्हणून. किती वेळा विचारलं हे मोजायचं तर कोणी विचारलं हे आधी ठरवावं लागतं. कोड साठवण्याच्या गिटहब या सेवेचं उदाहरण प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना लगेच पडताळून पाहता येईल. ओळख न देता त्यांच्या एपीआयला विचारलं तर तासाला ६० विनंत्यांची मुभा मिळते, आणि ती आयपी पत्त्यावर मोजली जाते. टोकन, म्हणजे ओळख पटवणारा संकेत, पाठवून विचारलं तर सर्वसाधारण वापरकर्त्याला तासाला ५,०००. आता समजा, कोडमध्ये टोकन लिहिलेलं आहे, पण ते हेडरमध्ये घालणारी ओळ चुकून निघून गेली. प्रोग्राम सुरू होतो, उत्तरं येतात, सगळं ठीक वाटतं, आणि साठाव्या विनंतीनंतर अचानक मर्यादा संपल्याचा निरोप येतो. शिकाऊ मुलगा विनंत्या कमी करायच्या मागे लागतो, मध्ये विराम घालतो, रात्र घालवतो. दुखणं ओळखीचं असतं आणि लक्षण मर्यादेचं दिसतं. उत्तराबरोबर येणाऱ्या हेडरमध्ये एकूण मर्यादा ६० दिसते की ५,०००, एवढं पाहिलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. भरीस भर म्हणजे गिटहब मर्यादा संपल्यावर कधी ४२९ पाठवतो, कधी ४०३. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये, सोबतचा मजकूर आणि हेडरही वाचावेत, हे या पुस्तकात मी जागोजागी सांगितलं आहे.

मर्यादा मोजण्याच्या पद्धतींपैकी एक इथेच सांगतो, कारण पुढे ती सतत लागेल. रांजणात थेंबथेंब पाणी पडत आहे आणि प्रत्येक विनंतीला एक तांब्या लागतो, असं समजा. रांजण भरलेला असेल तर एकदम दहा तांबेही काढता येतील. रिकामा झाला की पुढचा तांब्या भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि रांजण भरला की वर पडणारं पाणी वाहून जातं, साठत नाही. सकाळभर काहीच विचारलं नाही म्हणून दुपारी दुप्पट विचारता येईल, असं होत नाही ते याच कारणाने. टोकन बकेट नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीवर बऱ्याच मोठ्या सेवा चालतात.

मर्यादा म्हणजे अडवणूक, अशी भावना आपल्याकडे आहे. ती बदलावी असं मला मनापासून वाटतं. कोविड लसीच्या नोंदणीसाठीच्या कोविन पोर्टलचे दिवस आठवा. २८ एप्रिल २०२१ रोजी संध्याकाळी ४ वाजता १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी नोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी कोटीच्या वर नोंदण्या झाल्या. सुरुवातीला ओटीपी येत नव्हते, पान उघडत नव्हतं. पुढचे काही आठवडे लसीची जागा कुठे मोकळी आहे हे शोधणं हेच लोकांचं काम होऊन बसलं. कोविनने एपीआय सर्वांसाठी खुले ठेवले होते. ज्यांना कोड लिहिता येत होता त्यांनी दर काही सेकंदांनी विचारणारे प्रोग्राम बनवले, टेलिग्रामवर सूचना देणारे गट उभे राहिले. बऱ्याच जणांनी ते लोकांना मदत म्हणूनच केलं. पण त्याचा परिणाम असा झाला, की पुण्या-मुंबईतली माणसं गाडी काढून ग्रामीण केंद्रांवर लस घ्यायला गेली आणि त्याच गावातला माणूस जागा दिसण्याआधीच मागे पडला. मे महिन्यात या खुल्या एपीआयवर एका आयपी पत्त्यामागे ५ मिनिटांत १०० विनंत्या अशी मर्यादा होती, आणि मोकळ्या जागांची माहितीही अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल असं जाहीर केलं गेलं. प्रोग्रामर मंडळी नाराज झाली. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की असं काहीतरी आवश्यकच होतं. ज्याचा हात जलद चालतो त्यालाच सगळं मिळू नये, यासाठी मर्यादा असते.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटांबाबतही हेच झालं. घाटनांदूर हे परळी आणि लातूर रोड यांच्या दरम्यानचं स्टेशन. पुण्या-मुंबईला कामासाठी जाणाऱ्यांना तत्काळचं महत्त्व सांगायला नको. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी १० वाजता उघडतं, बाकीचं ११ वाजता. त्या पहिल्या पाच मिनिटांत आयआरसीटीसीवरच्या लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचे, असतात, असं २०२५ मध्ये रेल्वेनेच सांगितलं आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली. मग १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारने पडताळलेलं खातं सक्तीचं झालं, आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आली. गर्दी आवरण्यासाठी ओळखीचा आधार घेतला गेला, हे इथे लक्षात घ्यावं. त्याची दुसरी बाजूही आहे. ज्याचा मोबाईल क्रमांक आधारशी जोडलेला नाही, त्याच्यासाठी हा उपाय म्हणजे नवीच अडचण झाली.

यूपीआयची गोष्ट तर प्रत्येक प्रोग्रामरने पाठ करावी अशी आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय अडखळलं. व्यवहार झाला की नाही हे विचारणाऱ्या एपीआयवर बँकांकडून विनंत्यांचा मारा झाला होता, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या तपासात पुढे आलं. म्हणजे पैसे पाठवण्याच्या कामापेक्षा ‘गेले का, गेले का’ या चौकशीनेच यंत्रणा दमली. त्यानंतर ही चौकशी ठरावीक अंतर ठेवून तीनदाच करावी असं बँकांना सांगण्यात आलं, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर दिवसाला ५० वेळा शिल्लक तपासणं, २५ वेळा जोडलेली खाती पाहणं अशा मर्यादा आल्या. उत्तर आलं नाही की लगेच पुन्हा विचारायचं, हा स्वभाव माणसाकडून प्रोग्राममध्ये उतरतो. प्रोग्राम लिहिताना तो जाणीवपूर्वक काढावा लागतो. एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, मग आठ. आणि त्यात थोडी अनियमितता मिसळा. सगळे ग्राहक-प्रोग्राम बरोबर आठव्या सेकंदाला परत आले तर गर्दी तशीच राहते, फक्त वेळ बदलते. पैशांच्या व्यवहारात तर प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक असावाच, म्हणजे तीच विनंती दोनदा पोचली तरी पैसे एकदाच कापले जातील. यावर पुढे एक मोठं प्रकरण आहे, आणि ते वगळून कुणी पुढे जाऊ नये.

आता ओळखीकडे येतो. बीड जिल्ह्यात या विषयाचं सगळ्यात अवघड रूप दिसतं.

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. त्यानंतर बोटाचा ठसा हीच ओळख, असं गृहीत धरून एकेक सेवा उभी राहिली. आणि बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावर, परततात. पाच-सहा महिने कोयता धरलेला, पाचट ओढलेला, मोळ्या बांधलेला हात ठशाच्या यंत्रावर ठेवला जातो. काच पुसली जाते. बाई अंगठा पदराला घासते, पुन्हा ठेवते. ऑपरेटर तिचा अंगठा स्वतःच्या बोटांनी दाबून धरतो. कुणीतरी सांगतं, जरा खोबरेल लावा. यंत्राचा लाल दिवा लागतो, विझतो. पडद्यावर ३०० हा आकडा येतो. आधारच्या भाषेत त्याचा अर्थ ठसा जुळला नाही. बाहेर सांगितलं जातं, ‘मावशी, सर्व्हरच चालंना.’ आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, तोच झिजलेला अंगठा घेऊन.

इथे सर्व्हरचा काही संबंध नाही. दुसरं बोट वापरून पाहता येतं, कारण सगळी बोटं सारखी झिजत नाहीत. बुबुळाचा किंवा चेहऱ्याचा पर्याय त्या सेवेने दिला असेल तर तो घेता येतो. मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी आहे. यातलं काहीच जमलं नाही तर आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यावे लागतात, आणि हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ३३० आला तर गोष्ट निराळी: तिने किंवा तिच्या वतीने कुणी बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवलंय. ते उघडल्याशिवाय दहा बोटं लावूनही उपयोग नाही. ओटीपीच्या बाबतीत ४०० म्हणजे ओटीपी चुकला, ४०३ म्हणजे चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपली किंवा ओटीपी मागवलाच नव्हता, आणि ९५२ म्हणजे फार वेळा ओटीपी मागवले, आता थोडा वेळ थांबा. आधारचा ४०३ आणि वेबचा ४०३ हे दोन वेगळे आहेत, हेही ध्यानात राहू द्या. या चार-पाच आकड्यांचा कागद भिंतीवर चिकटवला, तरी केंद्रावरच्या कित्येक चकरा वाचतील.

ओटीपीचीही एक गोष्ट आहे, आणि ती गमतीची नाही. टोळीबरोबर गेलेल्या बाईचा क्रमांक बहुधा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनमध्ये असतो, आणि रिचार्जअभावी सिम बंद पडलेलं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थीच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. दोन महिन्यांची मुदत ऊसतोडीला निघण्याच्या दिवसांतच संपत होती. पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. त्या काळात ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. ओटीपी आला नाही की तो पुन्हा मागवला जातो, मग पुन्हा. पाचव्या मागणीनंतर एकदम तीन ओटीपी येतात, त्यातला पहिला टाकला जातो, तो रद्द झालेला असतो, आणि खातं काही काळ बंद होतं. इथे ओळखीच्या अडचणीतून मर्यादेची अडचण जन्माला आली. दोन मिनिटं थांबून शेवटचाच ओटीपी टाकणं एवढाच यावरचा मार्ग आहे. पडद्यावर ते लिहिणं हे बनवणाऱ्याचं काम होतं.

घड्याळाबद्दल मी या पुस्तकात एक अख्खं प्रकरण लिहिलं, ते काही जणांना जास्त वाटेल. एका केंद्रावरचा जुना संगणक डोळ्यासमोर आणा. रात्री वीज गेली, सकाळी आली, आणि संगणक चालू झाला तो १ जानेवारी २००९ ही तारीख घेऊन. आता कुठलंच लॉगिन होत नाही. ब्राउझर म्हणतो, संकेतस्थळ सुरक्षित नाही. टोकनच्या आत ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ही वेळ लिहिलेली असते, ती या घड्याळाशी जुळत नाही. आधारची यंत्रणा विनंती फार जुनी आहे म्हणून परत पाठवते. घड्याळ पुढे असतं तर वेळ भविष्यातली आहे म्हणून परत पाठवली असती. ऑपरेटर केबल काढून लावतो, राउटर बंद करतो, संकेतशब्द बदलतो. बदललेला संकेतशब्द दुपारपर्यंत विसरतो. दोष असतो मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलचा. किरकोळ किमतीचा सेल बदलला आणि वेळ इंटरनेटवरून घ्यायची खूण केली, की सगळं सुरू. ओळखीचा बिघाड शोधताना पहिली नजर उजव्या कोपऱ्यातल्या तारखेवर टाकावी, हे मी आग्रहाने सांगतो ते म्हणून.

दुसरी एक सवय मात्र मोडायलाच हवी. एकाच ऑपरेटरच्या लॉगिनवर दुकानातले तीन-चार जण काम करतात, कधी शेजारच्या गावातही तोच आयडी चालतो. बऱ्याच सेवांमध्ये नवीन लॉगिन झालं की आधीचं बाद होतं. मग दोघे एकमेकांना बाहेर ढकलत राहतात आणि दोघेही संकेतस्थळाला बोल लावतात. सगळ्यांच्या विनंत्या एकाच खात्यावर मोजल्या जाऊन मर्यादाही लवकर संपते. त्याहून गंभीर भाग जबाबदारीचा. २०२४ च्या खरिपात पीकविम्याच्या बोगस अर्जांचं प्रकरण राज्यात गाजलं, त्यात बीड जिल्ह्याचं नाव वारंवार आलं आणि अर्ज भरणारी सेवा केंद्रं तपासाखाली आली. ज्याच्या आयडीवरून अर्ज गेला, प्रश्न त्यालाच विचारला जातो. तेव्हा आयडी देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही देणं आहे.

आयपी पत्त्यावर मर्यादा मोजण्याबद्दल माझं मत कडक आहे. मोबाईल कंपन्यांकडे जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेसे नाहीत, म्हणून हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा पट्टा एप्रिल २०१२ मध्येच, म्हणजे ४२९ आला त्याच महिन्यात, राखून ठेवला गेला. पुण्यातल्या कंपनीच्या कचेरीला स्वतःचा पत्ता असतो. घाटनांदूरच्या केंद्रावरचा मोबाईल डोंगल, पलीकडच्या दुकानातला फोन आणि अंबाजोगाईच्या वसतिगृहातला विद्यार्थी हे तिघेही सर्व्हरला एकच माणूस वाटू शकतात. एकाने मर्यादा संपवली की तिघांनाही ४२९. ऑपरेटरने काहीच जास्त विचारलेलं नसतं, आणि त्याच्या लॉगमध्ये दोष सापडत नाही. खात्री करायची तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून तीच विनंती एकदा करून पाहावी. तिथे चालली तर आपला कोड किंवा खातं निर्दोष आहे. सेवा बनवणाऱ्यांनी, ओळख पटलेल्या माणसाची मोजणी त्याच्या खात्यावर करावी आणि पत्त्यावरची मर्यादा फक्त अनोळखी गर्दीसाठी ठेवावी, तीही सैल. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांनी हा प्रश्न बराच हलका होतो, पण अनेक संकेतस्थळं अजून जुन्याच पत्त्यांवर आहेत.

पुस्तक क्रमानेच वाचायची सक्ती नाही. ऑपरेटरांनी आधारच्या आकड्यांचं प्रकरण आणि घड्याळाचं प्रकरण आधी वाचावं. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांनी टोकनच्या मुदतीपासून सुरुवात करावी. पुढचं टोकन जुनं संपण्याच्या थोडं आधी घ्यायचं, आणि पन्नास यंत्रांनी ते एकाच क्षणी मागायचं नाही, या दोन गोष्टी तिथे उदाहरणांसह आहेत. शेवटच्या प्रकरणात एक कोरा तक्ता दिला आहे. अडचण आली की मदतीसाठी फोन करण्यापूर्वी तो भरावा: आलेला आकडा, त्याखालचा पूर्ण मजकूर, वेळ सेकंदासकट, कोणतं खातं, कोणतं नेटवर्क, त्याआधीच्या पाच मिनिटांत किती वेळा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या खात्यावर किंवा दुसऱ्या सिमवर तेच झालं का. संकेतशब्द, ओटीपी आणि आधार क्रमांक मात्र त्यात कधीच लिहू नये, आणि पडद्याचा फोटो पाठवताना तेवढा भाग झाकावा. तक्ता मुद्दाम एका पानात बसवला आहे, म्हणजे त्याच्या झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवता येतील.